किलोमीटर कमी, कटकटी जास्त

जुनी कॅम्पर व्हॅन विकायला काढलेला माणूस एक वाक्य हमखास बोलतो, "फार चाललेली नाहीये हो." आणि ते बहुतेक वेळा खरं पण असतं. कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, वर्षातून काही आठवडे फिरणार आणि उरलेला वेळ कव्हर घालून कुठेतरी उभी. घेणारा मीटरवरचा आकडा बघतो आणि खूश होतो. मला विचाराल तर तो आकडा बघून खूश होण्यासारखं काहीच नाहीये, उलट मी तर जरा घाबरते आता, कारण आमच्या व्हॅनने आजवर जे जे नखरे केलेत त्यातले निम्म्याहून जास्त ती उभी राहिल्यामुळे झालेले आहेत. रबर, ब्रेक ऑइल, बॅटरी, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), टायर, यांना मीटर वाचता येत नाही हो, त्यांना फक्त कॅलेंडर कळतं.

बॅटरीपासूनच सुरू करते कारण सगळ्यात जास्त डोकं तिनेच खाल्लंय. कॅम्परमध्ये दोन असतात, एक गाडी स्टार्ट करायला आणि एक आतले दिवे, पाण्याचा पंप, चार्जिंग वगैरेला. लेड ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, आकडा छान दिसतो पण सेल्फ मारला की नुसतं कट कट कट. म्हणून साधा मल्टिमीटर घ्या राव, डिजिटल, स्वस्तातला चालतो. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपलीच. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या मधे दिसायला पाहिजे, तिथे १२.५ वरच अडकला तर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग) चार्ज करत नाहीये.

इथे जुन्या गाड्यांची एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. डॅशबोर्डवर तो लाल बॅटरीचा दिवा असतो ना, जुन्या सर्किटमध्ये तो नुसता इशारा द्यायला नसतो, त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करतो. म्हणजे बल्ब उडाला की अल्टरनेटर चांगला असून चार्जिंग होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावर मग कधीतरी सुरू होतं. लोक अख्खा अल्टरनेटर बदलतात आणि दोष निघतो त्या एवढ्याशा बल्बात. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी तो दिवा लागतोय का एवढं बघायची सवय लावून घ्या, बस.

आता उभ्या गाडीत बॅटरी उतरते कशी, तर काही ना काही सतत थोडं थोडं खात असतं. घड्याळ, रेडिओची मेमरी, अलार्म, गॅस डिटेक्टर. ५० मिलिॲम्पियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण दिवसाला १.२ ॲम्पियर अवर झाले, महिन्याला ३६, म्हणजे ७० च्या बॅटरीतला अर्धा माल गेला, कोणी काही न वापरता. आणि आमच्याकडे तर ५० मिलिॲम्पियरवर भागत नव्हतं, एका रात्रीत बॅटरी सपाट व्हायची, ती पण कधी व्हायची कधी नाही, त्यामुळे सापडेना. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर लावायचा, १० ॲम्पियरच्या खुणेवर (मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो), आणि एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघत बसायचं. चोर निघाला फ्रिजचा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच. गॅस, मेन्स (घरगुती वीज) आणि १२ व्होल्ट अशा तिन्हीवर चालणारे जे फ्रिज असतात ते १२ व्होल्टवर असताना जवळपास १० ॲम्पियर ओढतात, म्हणून ते फक्त इंजिन चालू असताना चालावेत यासाठी रिले असतो, आणि आमचा रिले कधी कधी आतल्या आत चिकटून राहायचा. इंजिन बंद, फ्रिज मात्र मजेत चालू. रिलेवर पेचकसच्या मुठीने एक टिचकी मारली की टक् आवाज करून सुटायचा. बदलायला पाच मिनिटं लागली, शोधायला किती लागली ते विचारू नका.

वायरिंगबद्दल अजून एक बोलायचंच आहे, अर्थिंग. जुन्या व्हॅनचा कुठलाही विचित्र, अंगात आल्यासारखा इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम असेल, इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट लुकलुकतोय, टेम्परेचरचा काटा हेडलाइट लावल्यावर वर जातोय, तर आधी अर्थिंग बघा. करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला परत पण यायचं असतं आणि परतीचा रस्ता बॉडीतून असतो, तिथे गंज धरला की तो दुसरीकडून वाट काढतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं म्हणून इंजिनपासून बॉडीला एक जाड विणलेली पट्टी दिलेली असते, ती तुटली की सेल्फचा सगळा करंट क्लच केबल नाहीतर ॲक्सिलरेटर केबलमधून जायला बघतो आणि केबल तापून आतलं प्लॅस्टिक वितळतं. मग माणूस केबल बदलतो, ती परत वितळते, आणि तो केबल बनवणाऱ्याला शिव्या घालतो. तपासायची युक्ती सोपी आहे: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचा. पाव व्होल्टच्या आत आला तर ठीक, अर्ध्याच्या वर गेला तर ती पट्टी काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने लखलखीत घासा, आणि बसवून वरून व्हॅसलीन लावा. आमचा नवरा या बाबतीत माझी चेष्टा करतो की घरातला मिक्सर बंद पडला तरी ही अर्थिंग बघेल. बघू दे.

गरम होण्याचं प्रकरण वेगळं आहे, तिथे गंमत करायला नको. कॅम्पर म्हणजे मुळात मालवाहू व्हॅन, त्यावर लाकडी कपाटं, पाण्याची टाकी, पलंग, वर उंच छप्पर, म्हणजे वजन पण जास्त आणि वारा पण जास्त कापायचा. सपाट रस्त्यावर काटा मध्यावर शांत असतो आणि लांब चढ लागला की हळूहळू सरकायला लागतो. सरकताना दिसला की आधी गिअर उतरवा आणि वेग कमी करा, आतला हीटर फुल सोडा, पंख्यासकट, (हो, उकाड्यात पण, घामाघूम व्हाल पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे), आणि तरी ऐकत नसेल तर बाजूला घ्या. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद, विषय संपला. आणि झाकण उघडायचं नाही. नाही म्हणजे नाही. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बार जास्तीचा दाब धरून ठेवतं, त्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, आणि तुम्ही झाकण सैल केलंत की दाब गेला आणि आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर. तासभर थांबा, काय घाई आहे, तुमचं घर तर सोबतच आहे.

कारणं शोधताना लोक थेट वॉटर पंप किंवा हेड गॅस्केटवर (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) उडी मारतात. मी उलट्या टोकाने जाते, म्हणजे स्वस्त आधी. झाकणाचं रबर सुकलंय का (उभ्या गाडीत हमखास सुकतं), बेल्ट ढिला आहे का, रेडिएटरच्या जाळीत किडे आणि माती किती बसलीय, पंखा वेळेवर लागतो का, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) उघडतोय का. साधारण ८२ ते ८८ डिग्रीला तो उघडायला लागतो, काढून गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरबरोबर टाकला की डोळ्यांनी दिसतं उघडताना. होज पाइप इंजिन थंड असताना दाबून बघा, बोटाखाली करकर वाजला किंवा लिबलिबीत लागला तर आतून गेलाय, बाहेरून कितीही काळाभोर दिसू दे. आणि कुलंटचं पण वय असतं, ते गोठू न देण्याचं काम करत राहील पण त्यातलं गंजरोधक औषध काही वर्षांत संपतं, मग गाडी चालो न चालो आतून खायला सुरुवात.

हेड गॅस्केटची भीती सगळ्यांना असते. कुलंट कमी होतोय पण खाली कुठेच थेंब नाही, टाकीत सतत बुडबुडे येतायत, गरम झाल्यावर पण सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि त्याला गोडसर वास आहे, हे सगळं एकत्र दिसलं तर हो, काळजी करा. नुसता ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका चिकट थर दिसला तर लगेच छाती पिटू नका, कमी चालणाऱ्या गाडीत तो साध्या वाफेचा पण असतो, एकदा लांब पल्ला मारला की जातो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) पण तेच दिसलं तर मात्र वेगळी गोष्ट.

काही व्हॅनमध्ये तर रचनाच अशी की नवीन माणूस रडेल. फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध गोल तोंडाची व्हॅन १९५० पासून बनायला लागली, तिचं इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. १९७९ मध्ये तिसरी पिढी आली ती पण आधी एअर कूल्डच होती, मग काही वर्षांनी तिला पाण्याने थंड होणारं इंजिन दिलं, पण इंजिन राहिलं मागे आणि रेडिएटर बसवला पुढे. म्हणजे अख्ख्या गाडीच्या लांबीचे पाइप खालून जातात आणि कुलंट बदलताना मधे हवा अडकते. पुढची बाजू जॅकने उंच करून रेडिएटरचा स्क्रू सैल करून ती हवा काढावी लागते, नाहीतर पाणी भरलेलं असून इंजिन गरम. ज्यांच्याकडे ही गाडी आहे ते लोक हे सगळं अगदी प्रेमाने सांगतात, मला तेवढं प्रेम नाही जमत.

त्या एअर कूल्डवाल्यांचीच दुसरी गोष्ट मात्र सगळ्यांनी घेण्यासारखी आहे, पेट्रोलचा रबरी पाइप. इंजिनाच्या डोक्यावरून जाणारा जुना पाइप तडकला आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनवर टपकलं की आग, आणि त्या इंजिनांचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असल्यामुळे ते एकदा पेटलं की विझता विझत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला अजून लवकर खातं. म्हणून पाइपवर तारीख लिहून ठेवायची आणि काही वर्षांनी चांगला दिसत असला तरी बदलायचा. व्हॅनमध्ये तुम्ही झोपता, हे लक्षात ठेवा, साध्या कारपेक्षा इथे हिशोब वेगळा आहे. फायर एक्स्टिंग्विशर झोपायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर, आणि दाराजवळ पण.

डिझेलवाल्यांना आगीची धास्ती कमी पण टाकीत पाणी जमतं, अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा थंड होऊन खाली बसतो, आणि डिझेल व पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. हो, जिवंत. फिल्टर काढला की काळा बुळबुळीत चिखल दिसतो तो तोच. म्हणून उभी करताना टाकी फुल करून उभी करा. फिल्टर बदलल्यावर गाडी चालू होऊन लगेच बंद पडली तर लाइनने एअर घेतलीय, हँड पंप मारून एअर काढा, सेल्फ मारत बसू नका, सेल्फ जळेल.

ब्रेक. इथे मी सगळ्यात कडक आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, बंद सिस्टिममध्ये पण, रबरी पाइपातून हळूहळू. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर जड व्हॅन ब्रेकवर धरून आणली की तेवढी उष्णता सहज होते, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. खाली उतरल्यावर थंड झालं की ब्रेक परत एकदम चांगले, मेकॅनिक म्हणणार काहीच नाहीये. दर दोन वर्षांनी बदला, गाडी जागची हललेली नसली तरी, आणि उतारावर गिअरमध्ये आणा, ज्या गिअरने चढली असती त्याच गिअरने.

उभ्या गाडीचा ब्रेक जाम होणं हा रोजचा प्रकार आहे. थोडं अंतर गेल्यावर एका चाकाचा रिम बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, जळका वास आला, गाडी एका बाजूला ओढायला लागली तर तिथे ब्रेक सुटत नाहीये. सगळे म्हणतात कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) गेला. असेलही, पण जुना रबरी ब्रेक पाइप आतून फुगतो आणि आत वॉल्व्हसारखं काम करायला लागतो, तुम्ही पायाने जोर दिला की ऑइल आत जातं पण परत यायला जागा नाही. चाक उचलून कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करा, चाक लगेच मोकळं फिरलं तर दोष पाइपात, तसंच घट्ट राहिलं तर कॅलिपरात. एवढ्या एका तपासणीने आमचा चांगला कॅलिपर वाचला. आणि हो, महिनाभर उभी करणार असाल तर हँड ब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा.

टायरचं थोडक्यात, नक्षी शाबूत आहे म्हणून फसू नका. बाजूला डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. साइडला बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही राहिली असू दे, गेला. कॅम्परसाठी सीपी असं लिहिलेले खास टायर येतात कारण ही गाडी उभी असताना पण कायम भरलेलीच असते. सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे कोणी मनात धरतच नाही. टायमिंग बेल्टचं पण तेच, कंपनी किलोमीटरसोबत वर्षं पण देते, आणि जे आधी येईल ते.

गॅरेजवाल्यांशी बोलताना एक मात्र शिकले, पार्टचं नाव घेऊन जायचं नाही. "सेल्फ बदला" म्हटलं की तो सेल्फ बदलतो, त्याची काय चूक. "थंड असताना एका झटक्यात घेते, गरम झाल्यावर अजिबात घेत नाही, अर्धा तास थांबलं की परत घेते" असं सांगितलं तर चांगला मेकॅनिक तिथेच मान हलवतो, कारण त्याला लगेच कळतं की एक्झॉस्टच्या शेजारी असलेला सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) तापतोय किंवा तिथली वायर. जो ऐकून न घेताच "बदलून बघू" म्हणतो त्याच्याकडून मी हळूच गाडी काढून घेते. कॅम्परला अजून एक अडचण, उंची आणि वजनामुळे लिफ्टवर बसत नाही म्हणून निम्मी गॅरेजं दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे फोनवर आधीच उंची आणि वजन सांगा. आणि गाडीचा सांगाडा एका कंपनीचा, आतलं घर दुसऱ्याचं, त्यामुळे पार्ट मागवताना चेसिस नंबर द्या आणि जमलं तर जुना पार्ट हातात घेऊनच जा, एकाच वर्षात दोन प्रकारचे ब्रेक बसवलेले आढळतात.

मग उभी ठेवायची कशी? लोक दर आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतात आणि समाधान मानतात, ते तर सगळ्यात वाईट. सेल्फने जेवढं खाल्लं तेवढं पाच मिनिटांत भरत नाही, ऑइल गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा बाहेर काढून अर्धा पाऊण तास नीट चालवा, सगळे गिअर, ब्रेक चांगले दाबून, हीटर, एसी, सगळं लावून. ते जमणारच नसेल तर बॅटरीला छोटा मेंटेनर चार्जर किंवा छपरावर लहान सोलर.

सध्या आमच्या व्हॅनचं काय चाललंय, तर वेग वाढला की मागून घूं घूं असा आवाज येतोय, वेगाबरोबर चढतो, न्यूट्रल केलं तरी जात नाही म्हणजे इंजिन आणि क्लच दोघं सुटले. उजवीकडे वळलं की वाढतो, डावीकडे वळलं की जवळजवळ बंद. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो म्हणजे डावं मागचं व्हील बेअरिंग, असा माझा अंदाज. नवरा म्हणतो टायर आहे. टायर असेल तर मागची टायरं पुढे टाकल्यावर आवाज पण पुढे जायला पाहिजे, तेवढं करून बघणार आहोत या सुट्टीत, आणि नाही गेला तर चाक उचलून वरून खालून धरून हलवून बघायचं, खेळ लागतोय का, आणि हाताने फिरवून खरखर ऐकू येते का. बेअरिंग मी तोवर मागवून ठेवलंय.